सत्त्याहत्तरला संपणारी मालिका

३ जून, सोमवार
ही वही ईस्टरला आणली, उघडली आज. आळस नव्हे, डोकं कामात होतं. (मधे पठारावर स्ट्रॉबेरी विकली, ती अनुभव म्हणून.) काम असं: ज्या संख्येला तिच्या प्रत्येक अंकाने भाग जातो, पण चार, नऊ, पंचवीस अशा एकाही वर्गाने जात नाही, अशा सगळ्या ओळीने मांडायच्या. १, २, ३, ५, ६, ७, ११, १५, २२, ३३, ५५, ६६, ७७. संपली! आकड्यांच्या मालिका नोंदवणाऱ्या वेबसाइटला पाठवली. नाव माझंच दिलं: लिंबानी मालिका.

तियामिकेताई इथे झोंबा शहरात बाजारामागे केळ्याची भजी तळते, मला पोसते आणि ते रोज ऐकवते. म्हणाली, "रविवारपर्यंत तुझं नाव तिथे दिसलं तर राहा. नाहीतर सोमवारी मामाच्या ट्रकवर बस आणि चिल्वा तळ्यावर मासे वाळव." मासे! मी!

५ जून
संपादक टी. के. यांचं उत्तर आलं. अख्खं उत्तर: "१११?"
ना नमस्कार, ना चमत्कार. नक्की कुठल्यातरी थंड देशातला जाडा गोरा, हीटरपाशी तंगड्या पसरून बसलेला. मी शंभरपर्यंत तपासलं होतं. पुढे कोण जातं? तरी पाहिलं. नियमात बसतो, मेला. मुद्दाम बसतो. कळवलं: एवढा एक राहिला होता, आता खरंच संपली. उद्यापासून रोज पन्नास संख्या तपासणार.

६ जून
तपासल्या नाहीत. मैदानावर मॅच होती, रेफरी आंधळा होता, कुणीतरी ओरडायलाच हवं होतं. घसा बसला. घरी येऊन बघतो तर: "११५?"
फोन फेकला. गादीवर.
नियमात भर घातली: संख्या शंभराच्या आतली हवी. टी. के.: "का?"
का म्हणजे? मालिका माझी, नियम माझा! शेजारचा मावुटो शिंपी म्हणतो, "पॅन्ट आखूड झाली म्हणून गिऱ्हाइकाचा पाय कापतोस होय रे?" अडाणी. याच्याशी बोलणं बंद. (माझी पॅन्ट त्याच्याकडेच आहे. ती मिळाल्यावर बंद.)

८ जून
टी. के.: "मालिकेला स्वतःचं नाव देत नाहीत."
बस झालं! लिहिलं: लपून प्रश्नचिन्हं काय मारता? हिंमत असेल तर समोर या. झोंबा, बाजारामागे, तियामिकेच्या भज्यांचा ठेला. कुणीही दाखवेल. पाठवून टाकलं. आता बोलती बंद.

९ जून, रविवार, सकाळ
उत्तर नाही. घाबरला. ताईला म्हटलं, हा विजयच. ती म्हणाली, "नाव दाखव." म्हटलं, दाखवण्यापेक्षा तू समजून घे. म्हणाली, "मामाला फोन केलाय. गमबूट घेऊन ये म्हणालेत."
पिशवी भरली. निषेध म्हणून. ट्रकवर चढणार नाही म्हणजे नाही.

दुपारी ४
पलंगाखालून लिहितोय. मामाचा ट्रक उद्याऐवजी आजच का नाही? इथून जवळच्याच ब्लँटायर शहराच्या मिनीबसमधून सत्तरीच्या एक बाई उतरल्यात. टी. के. म्हणे त्याच. ठेल्यावर बसून भजी खातायत आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ताईला विचारतायत, "काय गं, मला बोलावणारा तो शूर कुठाय? म्हणावं, एकशे बावीस राहिलाय."