डोक्याखालचा हात

१४ तारीख, मंगळवार, सकाळ

प्रिय ताई,

'सप्रेम नमस्कार' लिहायला गेले आणि थांबले. सख्ख्या बहिणीला कसलं आलंय सप्रेम. नुसता नमस्कार घे. तुझं मनगट कसं आहे? रोज शेकतेस ना? मी बरी आहे. माझा तान्हा माऊ बरा आहे. आज सकाळपासून अजिबात रडला नाही, म्हणून तर लिहायला हात मोकळे मिळाले.

दवाखान्यात माझ्या टेबलावर तू चादरींचा ढीग रचला असशील, मला माहीत आहे. मी रजेवर आले तेव्हा कंबर धरलेली ती शिक्षिका यायची, तिचे आता दिवस भरत आले असतील. तिला डाव्या कुशीवर झोपवूनच हात लाव, उताणी झोपली की तिला गरगरतं. आणि तो जुळ्यांचा बाबा येतो का अजून? बायकोला दाखवायला आणलंय म्हणाला आणि स्वतःच टेबलावर घोरायला लागला. बायको म्हणाली, उठवू नका, तेवढंच एक पोर कमी. ऑस्टिओपॅथी म्हणजे काय, नुसत्या हातांनी मणके-सांधे मोकळे करून होतं काय, असं कुणी विचारलं की मला तोच आठवतो.

घरी माझा पेशंट एकच. माऊला मी दिवसातून कितीदा तरी तपासते. तू शिकवलंस तसंच, एक हात कमरेखाली, एक डोक्याखाली, आणि वाट बघायची. हात बोलायला नाही, ऐकायला ठेवायचा. मला मानेत उजवीकडे जरा आखडल्यासारखं लागतं. ते सुटलं की नीट पिईल. सध्या चार घोट घेतो, दमतो आणि झोपतो. तेवढ्यात माझा डोक्याखालचा हात ओला झालेला असतो. खोलीत उकडतं फार. डॉक्टरांकडच्या तपासणीचं विचारशील, तर होईल पुढच्या आठवड्यात.

बाळाचा बाबा बेकरीतून आला की दारातूनच ओरडतो, अगं, तू त्याला नुसतं घेत का नाहीस, सारखं चाचपत काय असतेस? मी म्हटलं, तू तरी पाव दाबून बघितल्याशिवाय ठेवतोस का? तो हसला नाही. ताई, खरं सांगू, मला नुसतं घेताच येत नाही. मांडीवर आला की बोटं आपोआप मणक्यांवरून फिरायला लागतात. दुसऱ्यांची बाळं मी इतकी वर्षं हाताळली, कधी घाबरले नाही. याला घेताना घाबरते. मी आई झालेय की याची कायमची डॉक्टरीण, तेच कळेनासं झालंय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तू घरी आलीस त्या दिवसाचं मी लिहिणार नव्हते.

तू हात धुतलेस, चोळून गरम केलेस आणि मी पाजत असताना एक त्याच्या डोक्याखाली ठेवलास. मग तळवा उलटा करून बघितलास आणि ओढणीला पुसलास. म्हणालीस, "दूध पिताना घाम फुटतोय याला. हे मानेचं नाही. हे आपलं काम नाही. आजच मुलांच्या डॉक्टरांकडे ने." सोनारानं कान टोचले की दुखत नाही म्हणतात. मला सोनारच नको होता. मी त्याला तुझ्या हातावरून ओढून घेतलं आणि म्हटलं, तुझे हात मेलेत, तूच म्हणाली होतीस ना?

मनगट बधिर व्हायला लागल्यापासून हाताला पूर्वीसारखं कळत नाही, ही भीती तू जगात फक्त मला सांगितली होतीस. रडत सांगितली होतीस. मी नेमकी तीच उचलून तुझ्यावर उगारली. तू चपला घातल्यास आणि जाताना पुन्हा एवढंच म्हणालीस, "आजच ने."

मी नेलं नाही. तपासणीची वेळही मीच दोनदा पुढे ढकलली. माऊच्या बाबाला सांगितलं, डॉक्टर रजेवर आहेत.

थांब, त्याला बघून येते.

ताई, वर मी लिहिलंय ना, आज रडला नाही म्हणून. ते चांगलं नाही गं. रोज मी हात जोडत होते, गप्प हो रे राजा. आज त्याच्या अंगात रडायला जोरच उरलेला नाही. आत्ता पाजायला घेतलं तर ओठांभोवती निळसर दिसलं, आणि पोट भात्यासारखं वर-खाली होतंय. मी तपासलं नाही. नुसता उचलला आणि खांद्यावर धरला.

रुग्णालयात फोन केला, म्हणाले एक क्षण थांबू नका. बाबा भट्टी तशीच टाकून गाडी घेऊन निघालाय. तुलाही लावला, पण पेशंटवर हात असताना तू फोन कपाटात ठेवतेस. नियम आपणच केला होता. दवाखाना वाटेत आहे, हे पत्र बाबा आत येऊन तुझ्या हातात देईल. अक्षर वाकडं येतंय, एका हातानं लिहितेय.

तिथे पहिला प्रश्न असेल, कधीपासून? आपणही प्रत्येक आईला तोच विचारतो. ती इकडेतिकडे बघायला लागली की आपण काय ते ओळखतो.

याला माऊ का म्हणतेस असं तू विचारलं होतंस. मी म्हटलं, मांजरासारखा रडतो म्हणून. खोटं होतं ते. दुसऱ्या आठवड्यात याच्या छातीवर हात ठेवला, तर फासळ्यांखाली हाताला घुरघुर जाणवली, मांडीवर मांजर बसलं की जाणवते तशी. तान्ह्या पोराच्या हृदयाशी असं लागायला नको, हे मला कुणी सांगायला नको. मी हात काढून घेतला. मान, कंबर, डोकं, सगळीकडे ठेवत राहिले, तिथे पुन्हा ठेवला नाही. आणि नाव ठेवलं माऊ, म्हणजे ते गोड वाटेल.

तुझे हात मेलेले नाहीत ताई. माझेही नव्हते. माझ्या हाताला सगळं कळलं होतं.

हॉर्न वाजला. तू पेशंट सोड आणि ये. रागावलेली असलीस तरी ये, न बोलता ये. ते कधीपासून विचारतील तेव्हा मला खरं सांगायचंय, आणि तू समोर असलीस तरच ते माझ्या तोंडून निघेल. आज डोक्याखाली हात मला हवाय.

तुझी धाकटी,
आणि याची आई