माझ्या नावाचा शेरा

प्रिय छोटी,

आठवतं, आपल्या त्या डगमगत्या टेबलावर तू पेला काठोकाठ भरलास आणि पाणी माझ्या कीबोर्डवर गेलं? मी म्हटलं, "सी भाषेतल्या प्रोग्राममध्ये असंच होतं बघ. जागा न मोजता मजकूर ओतला की शेजाऱ्याच्या घरात शिरतो." तू म्हणालीस, "ताई, तुमचं लेक्चर पुरातही चालू राहील!" किती हसलो होतो.

निवृत्तीनंतर घरी करमेना. कंपनीनं सलाइनच्या पंपाचा जुना कोड तपासायला बोलावलं, तेव्हा आनंदानं गेले. तपासणीचं सॉफ्टवेअर अजून तसंच, खडूस आत्याबाईसारखं ओळीओळीत खोट काढणारं. निम्म्या तक्रारी फुकटच्या. म्हणून तर आपली पद्धत होती: ओळ स्वतः वाचायची, धोका नसला तर वर 'तपासलं, सोडून द्यावं' असा शेरा, नाव आणि तारीख टाकायची. मग आत्याबाई त्या ओळीपुरत्या गप्प.

परवा मी सगळे शेरे बाजूला सारून तपासणी पुन्हा चालवली. पंप नेटवर्कवरून वॉर्डचं नाव घेतो, त्या ओळीवर लाल खूण आली. कुणी मुद्दाम लांबलचक नाव पाठवलं तर ते शेजारच्या जागेत सांडेल, आणि शेजारी आहे औषधाचा वेग. त्या ओळीच्या वर शेरा होता. नाव माझं, तारीख मात्र माझ्या निरोपसमारंभानंतरची.

कुणी काय बदललं याच्या नोंदी म्हणे नव्या सर्व्हरवर जाताना गेल्या. नव्या मुलांवर संशय घेतला, साहेबांवर घेतला. कुणी चहा विचारला तरी वाटे, हा का विचारतोय? मग शेरा पुन्हा वाचला. त्यात 'प्लीज' होतं. कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी ते माझ्या अंगात इतकं मुरवलं, की मी यंत्रालाही प्लीज म्हणायचे. सगळे थट्टा करत. माझं पाहून लिहू लागली ती एकटी तू. आणि पंप बाजारात आणायची घाई शेऱ्यावरच्या तारखेच्या आठवड्यात तुझ्याच डोक्यावर होती.

मी चुकत असेन तर फोन करून खुशाल भांड. पंपातला दोष मी लगेच कळवला; रुग्णालयांनी पंप नेटवर्कवरून काढलेत. ते थांबण्यासारखं नव्हतं. सोमवारी मात्र चौकशी आहे. मला विचारतील आणि मी खोटं बोलणार नाही. त्याआधी तू स्वतः बोलावंस, एवढ्यासाठी हे पत्र. पूर्ण अहवाल साहेबांकडे पोचलाय; शेरा त्यात आहे, तुझं नाव नाही. मी दुरुस्त केलेली ओळ तुझ्या हाताखालच्या नव्या मुलीला दे. तिला ती माझ्यावर विश्वास न ठेवता वाचू दे. सोबतचा शेऱ्याचा छापील कागद फक्त तुला. साहेबांना तो तुझ्या कबुलीसह, तुझ्या हातून मिळावा.

अजूनही तुझीच,
ताई