बंद ठेवलेला अँटीव्हायरस

मंगळवार, संध्याकाळ. सदरमधलं माझं टायपिंगचं दुकान.

अँटीव्हायरस मीच बंद ठेवत होतो. माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चोरीचं. ते उघडलं की अँटीव्हायरस बोंबलायचा, म्हणून दुकान उघडल्यावर पहिलं काम त्याचं तोंड बंद करायचं. सात वर्षांची सवय.

काल स्क्रीनवर लाल पाटी आली: कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, साफ करायला इथे दाबा. खऱ्याला गप्प बसवलं आणि या खोट्यावर विश्वास ठेवला. असं कसं केलं मी? दाबलं, आणि सगळ्या फायलींना कुलूप लागलं.

त्यात नरखेडच्या गुरुजींचं आत्मचरित्र होतं. त्यांना दिसत नव्हतं. ते शेजारी बसून सांगायचे, मी टाइप करायचो. कागदावर एक अक्षर नाही, दुसरी कॉपी नाही. गुरुजी मागच्या महिन्यात गेले.

आज त्यांची मुलगी आली. "भाऊ, बाबाचं पुस्तक कुठवर आलं? मले थोडं वाचून दाखवा ना."

मी मॉनिटर माझ्याकडे वळवला. लाल पाटी तशीच होती. पाटीकडे बघत मी वाचलं, "आई विहिरीच्या कामावर असताना माझा जन्म झाला."

तिनं डोळे पुसले. "थांबले काहून? पुढचं वाचा ना."

पुढचं मला आठवत नव्हतं.