लिंबू रेषेच्या अलीकडे

देवपूर, धुळे
रविवार, सकाळ

ती. रुपचंदभाऊ यांस,

कुंदाचा नमस्कार. हे पत्र लिहायला लागले त्याचे कारण बाहेर ओट्यावर बसून चहा पीत आहे. तुमच्या ओळखीचा झुलाल माझी स्कूटर न्यायला यावलहून आला आहे आणि माझ्याच गाडीची किल्ली त्याच्या खिशात आहे. तुम्ही गाडी त्याला देऊन टाकली, हे मला त्याच्या तोंडून कळले. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही माझे एक वाक्य पुरे होऊ देत नाही. पत्र मध्येच तोडता येत नाही.

तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि केळीचे पाणी हे सगळे ठीक असेल असे धरून चालते. माझी प्रकृती उत्तम आहे. भाऊबीजेपासून आठ महिने रिक्षाने फिरते आहे, तेवढे सोडून. पांझरा नदीपलीकडे मैत्रिणीकडे, हेमलताकडे, रोज सकाळी मी पेपर वाचून दाखवायला जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तिला आता अक्षर दिसत नाही.) रिक्षावाला चार माणसे भरल्याशिवाय हलत नाही. मी पोचेपर्यंत तिला सगळ्या बातम्या शेजारणीने चुकीच्या सांगितलेल्या असतात.

भाऊबीजेला मी ओवाळले आणि तुम्ही पाटावरूनच विचारलेत, “कुंदा, परवाना शे का तुनाकडे?” परवाना होता, फक्त मुदत संपून दोन वर्षे झाली होती. मी म्हटले, पाच वर्षांपर्यंत चालते. पूर्वी चालायचेच. आता नियम बदलला, वर्ष उलटले की पुन्हा परीक्षा, हे मला माहीत नव्हते आणि तुम्हाला कसे कोण जाणे माहीत होते. मग तुम्ही स्वतःचा परवाना खिशातून काढून टेबलावर आपटलात (“माणसाने असे कायद्याने राहावे!”), साडी दिलीत आणि किल्ली घेऊन गेलात. म्हणालात, पास हो आणि घेऊन जा.

चौऱ्याऐंशी साली मी पहिल्यांदा परवाना काढला, तेव्हा साहेब कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, बाई, त्या टपरीला वळसा घालून या. मी वळसा घालून आले. त्यांनी विचारले, डावीकडे वळताना हात कसा दाखवाल? दाखवला. पास. आता कडुलिंब नाही, कॅमेरे आहेत. जमिनीवर पांढऱ्या रेषा आहेत, आणि इंग्रजी आठच्या आकड्यावरून पाय न टेकता गाडी न्यायची असते.

पहिल्या खेपेला शेजारच्या हेमांगीची स्कूटर मागून आणली. आमच्या घरी काम करणारी बेबाबाई हट्टाने बरोबर आली. “लिंबू बिगर कशी जाई गाडी?” म्हणत तिने बरोबर सुरुवातीच्या रेषेवर चाकाखाली लिंबू ठेवले. मी ते चिरडून थांबले, उतरले, नारळ फोडला आणि तपासणाऱ्या पुनम मॅडमना खोबरे द्यायला गेले. मॅडमनी खोबरे घेतले, कपाळाला लावले आणि मला नापास केले. रेषा ओलांडली की परीक्षा सुरू होते. म्हणजे परीक्षा सुरू झाल्यावर मी गाडी सोडून प्रसाद वाटत होते.

दुसऱ्या खेपेला बेबाबाईला घरी ठेवले. आठचा आकडा असा सुरेख काढत होते की मागे उभी असलेली पोरे मोबाइल खिशात घालून बघू लागली. वळण आले आणि मी नियमाप्रमाणे हात दाखवला. एका हातावर गाडी डुलली, पाय टेकला. पुनम मॅडम म्हणाल्या, “आजी, हात हँडलवर. गाडीला इंडिकेटर दिलाय ना?” मी म्हटले, “मॅडम, हात दाखवला नसता तर तुमच्या जन्माआधी मला परवानाच मिळाला नसता.” त्या हसल्या. शेरा मात्र बदलला नाही. ज्या हातामुळे पास झाले, त्याच हातामुळे चाळीस वर्षांनी नापास.

गेल्या गुरुवारी तिसरी खेप होती. दोन्ही हात हँडलवर, जीभ दाताखाली. पास झाले, भाऊ. तुम्हाला समोर येऊन सांगायचे म्हणून गप्प बसले होते. तोवर तुम्ही गाडीला गिऱ्हाईक पाहिलेत.

झुलाल भला माणूस आहे. मी आत्ता मध्येच उठून परवाना दाखवला, तर त्याने किल्ली खिशातून काढून ओट्यावर ठेवली. बॅटरी उतरली आहे म्हणून दोन किका मारून गाडीही चालू करून दिली.

वहिनींना नमस्कार.

तुमची बहीण,
कुंदा

ता. क. भाऊबीजेला टेबलावर आपटलेला तुमचा परवाना तुम्ही इथेच विसरून गेलात. आठ महिन्यांत तुम्हाला आठवण झाली नाही, म्हणजे तुम्ही तो कधी काढून पाहत नाही. मी आज चष्मा लावून पाहिला. मुदत माझ्या आधी सहा महिने संपली आहे.

ता. क. २. मोटारसायकलवर बागेत जाता, असे झुलाल म्हणाला. मोटारसायकलची किल्ली त्याच्या हाती पाठवावी. पास व्हा आणि घेऊन जा.

झुलालकडून मिळाले: स्कूटरची किल्ली, एक.
झुलालच्या हाती दिले: हे पत्र, तुमचा परवाना, मुदत संपलेला, शिकाऊ परवान्यासाठी लागणाऱ्या कागदांची यादी, लिंबू, एक. ते रेषेच्या अलीकडे ठेवायचे.