किल्ली, कोर्स आणि चिन्नोर तांदूळ

रविवार, ३ ऑगस्ट २०२५. सकाळी ११ वाजून ४० मिनिटं.
ही वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाची आहे. मंडळाच्या हॉलमधलं घड्याळ सहा मिनिटं मागे असतं. त्याबद्दल मी दोनदा लेखी कळवलेलं आहे.
आज ह्या वेळी जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत बेचाळीस सभासदांसमोर माझा अपमान झाला. लायब्ररीतला कम्प्युटर सुरू होईना. मी सभेला शांतपणे समजावून सांगितलं की यंत्र मुळातच सदोष आहे, घेताना माझं ऐकलं नाही, वगैरे. सात-आठ मिनिटं. तेवढ्यात आल्हाद दाणी उठला, उघड्या दारातून लायब्ररीत गेला आणि भिंतीवरचं बटण दाबलं. कम्प्युटर लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!
स्विच बंद होता, मान्य. पण बंद केला कोणी? हा प्रश्न एकालाही सुचला नाही. शनिवारी निघताना सगळे स्विच मी स्वतः बंद करते. म्हणजे माझ्यानंतर तिथे कोणीतरी हात लावलेला आहे, हे उघड आहे.
अध्यक्ष भय्यासाहेब म्हणाले, "शरयूताई, चलो, आता संगणकाचा चार्ज आल्हादकडे देऊन टाकू. त्याला समजते त्यातलं." कम्प्युटर लायब्ररीत, म्हणून लायब्ररीची किल्लीही आल्हादकडे. अकरा वर्षं रोज पाच ते सात त्या टेबलाशी मी बसले. पत्रव्यवहार तेवढा माझ्याकडे ठेवला, कारण धड इंग्रजी पत्र लिहिणारं मंडळात दुसरं कोणी नाही.
मी विचारलं, आल्हाद शाळेत केमिस्ट्री शिकवतो, त्याच्याकडे कम्प्युटरचं सर्टिफिकेट आहे? नाही. मग माझ्याकडे असलं तर? भय्यासाहेबांनी सभेच्या मिनिट्समध्ये लिहून घेतलं: अधिकृत सर्टिफिकेट २६ ऑक्टोबरच्या सभेत सादर केल्यास चार्जचा पुनर्विचार व्हावा. लिहिताना ते हसत होते. तेही मी इथे नोंदवते.

सोमवार, ४ ऑगस्ट.
कांचघरला एका चपलांच्या दुकानावर इन्स्टिट्यूट आहे. 'हार्डवेअर बेसिक', दोन महिने, शेवटी परीक्षा, पन्नास प्रश्न, साठ टक्क्यांना पास. आजच नाव घातलं. मी कॉन्व्हेंटमध्ये अकरा वर्षं पहिल्या तिघींत होते. ह्यात अवघड काय असणार?
रत्नाकर म्हणाले, "काहून त्या डब्याच्या मागे लागली तू? किल्ली पाहिजे तर आल्हादला माग, तो देऊन देईल." चाळीस वर्षं संसार केला ह्या माणसाबरोबर. तत्त्व नावाची वस्तू त्यांनी दुरूनही पाहिलेली नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट.
पहिला वर्ग. शिकवणारी ऋचा मॅडम माझ्या भाचीहूनही लहान, पण आवाज खणखणीत. बिघाड शोधण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या. समस्या ओळखा, कारणाचा अंदाज करा, अंदाज तपासून पाहा, उपाय ठरवून करा, सगळं चालतं का बघा, आणि शेवटी सगळं लिहून ठेवा.
सहावी पायरी मी आयुष्यभर सर्वांत आधी करत आले आहे. म्हणजे मी पुढेच आहे.

मंगळवार, १२ ऑगस्ट.
संकल्प: रोज पहाटे साडेपाच ते साडेसात अभ्यास. सोळा दिवसांत पुस्तक संपतं.

बुधवार, २० ऑगस्ट.
पुस्तकाचं इंग्रजी लाजिरवाणं आहे. पान ९ वर 'equipments'. पान १४ वर कर्ता एकवचनी, क्रियापद अनेकवचनी. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बेनेडिक्टांनी ह्या लेखकाच्या बोटांवर पट्टी मारली असती. लाल पेनाने दुरुस्त्या सुरू केल्या आहेत. आठ दिवसांत बावीस पानं झाली. रॅम म्हणजे नेमकं काय ते अजून वाचायचं आहे, पण त्या प्रकरणातले स्वल्पविराम आता जागेवर आहेत.

बुधवार, २७ ऑगस्ट. गणेश चतुर्थी.
विद्येची देवता घरी आलेली असताना अभ्यास करणं म्हणजे तिच्यावर अविश्वास. दहा दिवस सुट्टी.
मंडळाच्या गणपतीत आल्हादने लायब्ररीतून आरतीचं पुस्तक आणून दिलं. किल्ली खिशात खुळखुळवत. माझ्याकडे असताना ती किल्ली कधी खुळखुळली नाही.

सोमवार, ८ सप्टेंबर.
प्रॅक्टिकल. कॅबिनेट उघडून परत जोडायचं. मी जोडलं. तीन स्क्रू उरले. ऋचा मॅडम म्हणाली, "आंटीजी, ये कहाँ के हैं?" मी सांगितलं की कंपनीने जास्तीचे दिले असतील, हल्ली सगळीकडे उधळपट्टी. ती हातातले स्क्रू पुन्हा पुन्हा मोजत राहिली. प्रभावित झाली असावी.
पुस्तकात लिहिलं आहे की यंत्र उघडताना रेशीम, लोकर नेसू नये, अंगावरच्या विजेने नाजूक भाग जळतात. लक्षात ठेवलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर.
इन्स्टिट्यूटच्या फलकावर 'जॉब असिस्टन्स' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. किल्ली तर मिळेलच, पण सर्टिफिकेटचं बाजारात वजन किती तेही पाहावं म्हणून रिछाईच्या एका कारखान्याला फोन केला. त्यांना फील्ड टेक्निशियन हवा होता. बाईने विचारलं, "बेटे के लिए पूछ रही हैं?" मी म्हटलं, स्वतःसाठी. मग विचारलं, बाइक चलाती हैं? मी म्हटलं, बसते. वय अठ्ठावीसच्या आत हवं, असं ती म्हणाली. मी विचारलं, हे जाहिरातीत कुठे आहे? तिने फोन ठेवला. असभ्यपणा.
ऋचा मॅडमला सांगितलं तर म्हणते, "सर्टिफिकेट से नौकरी नहीं लगती आंटीजी, इंटरव्यू लगता है. नौकरी हाथ से लगती है." कसलं विधान हे. माझा हात सुलेखनात जिल्ह्यात पहिला आलेला आहे.

बुधवार, २४ सप्टेंबर.
सराव परीक्षा. पन्नासपैकी एकोणीस. प्रश्न असा: कम्प्युटर मुळीच सुरू होत नाही, सर्वांत आधी काय कराल? चार पर्यायांत बरोबर उत्तर 'वीज येते का पाहा' म्हणे. सरकारी फॅक्टरीच्या एस्टॅब्लिशमेंट सेक्शनमध्ये एकतीस वर्षं नोकरी केली मी. सर्वांत आधी जबाबदारी निश्चित करतात. तो पर्यायच नव्हता.
रत्नाकर म्हणाले, "वीज पाहून घेतली असती तर तीन ऑगस्टची भानगडच झाली नसती." आज संध्याकाळी त्यांना भाजी उरलेली वाढली.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी. सकाळी ९.
आजच्या दिवशी मंडळाच्या लायब्ररीत ग्रंथांची आणि यंत्रांची पूजा अकरा वर्षं मीच करते. किल्ली कोणाकडेही असो, पूजा माझी. आल्हादने दार उघडून दिलं आणि शाळेत गेला. माझ्या खुर्चीवरची उशी जागेवरच होती. दोन महिने तो शेजारच्या स्टुलावर बसतो म्हणे. उशी मळू नये म्हणून असेल.
ह्या वर्षी पूजा शास्त्रोक्त केली. बंद डब्याला कुंकू लावणं म्हणजे पाहुण्याला दाराबाहेर ओवाळणं. स्वतःच्या स्क्रू-ड्रायव्हरने बाजूचं झाकण काढलं. पाणी शिंपडलं, बेताचं. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. पंखा असतो त्या मधल्या भागावर विशेष. कोसा सिल्क नेसले होते. पुस्तकातलं आठवलं, पण सणाच्या दिवशी सुती नेसून देवासमोर जायचं का? लेखकाला सण माहीत नसावेत. व्याकरण माहीत नव्हतंच.
झाकण परत लावलं. एकच स्क्रू उरला. प्रगती आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.
सकाळी कार्यक्रम. मुलांच्या नाचाची गाणी कम्प्युटरवर. आल्हादने सुरू केला. आधी टर्र्र टर्र्र असा आवाज, मग फोडणीत हळद करपल्यासारखा वास, मग अंधार. मी दोन मिनिटांत निदान केलं: धूळ, निष्काळजीपणा, चुकीच्या माणसाच्या हाती चार्ज. जागेवरच अर्ध्या पानाचा अहवाल लिहून भय्यासाहेबांना दिला. त्यांनी त्यावर आपट्याची पानं ठेवली.
मुलं मोबाइलवरच्या गाण्यावर नाचली. बरी नाचली.
किल्ली आता दूर नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर. दुपारी ४.
आल्हाद घरी आला. कम्प्युटर घमापुरला गणपत मेकॅनिककडे दिला होता. त्याने आतून जे निघालं ते वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून पाठवलं. झेंडूच्या पाकळ्या, हळदीची ढेप, तांदूळ. गणपत म्हणाला म्हणे, "मास्टरजी, प्रसाद घर ले जाइए."
आल्हाद हळूच म्हणाला, "ताई, मी कोणाला सांगितलं नाही. धूळ होती म्हणून सांगून राहिलो सगळ्यांना. पुडी तुमच्याजवळच ठेवा."
किती कुजबुजत बोलत होता! अपराधी माणूस असाच कुजबुजतो. त्याच्या ताब्यात असलेल्या यंत्रात तांदूळ सापडतात आणि ते तो लपवू पाहतो. पुडी कपाटात कुलूपबंद केली. पुरावा आहे.
रत्नाकरांनी दाणे निरखून पाहिले. म्हणाले, "हा तर आपला चिन्नोर आहे." मी म्हटलं, अर्धं जबलपूर चिन्नोर खातं.

शनिवार, ११ ऑक्टोबर.
परीक्षा. पेपर उत्तम गेला. नऊ प्रश्नांचं इंग्रजी इतकं अशुद्ध होतं की त्यांना उत्तर देणं म्हणजे अशुद्धतेला उत्तेजन देणं. ते कोरे सोडले आणि कच्च्या कागदावर शुद्ध करून दिले. वरच्या बाजूला 'विथ कॉम्प्लिमेंट्स' लिहिलं.

बुधवार, १५ ऑक्टोबर.
अठ्ठावीस. पासाला तीस लागतात.
ऋचा मॅडम म्हणाली, "नौ छोड़े क्यों आंटीजी? तुक्का ही मार देतीं तो निकल जातीं." तुक्का मारा, म्हणजे अंदाजाने ठोकून द्या! शिक्षिका सांगते!
आज पाच वाजता पाय आपोआप मंडळाकडे वळले. दार उघडं होतं, आल्हाद वह्या तपासत होता. उशी तशीच. मी आत गेले नाही. घरी येऊन रत्नाकरांबरोबर बातम्या पाहिल्या. त्यांनी आवाज कमी केला आणि विचारलं, चहा करू का. केला. साखर जास्त.

रविवार, २६ ऑक्टोबर. दुपारी १२.
सभा. सर्टिफिकेट नाही, पण पुरावा आहे. मी उभी राहिले. आल्हाद समोरून मान हलवून नको, नको म्हणत होता. घाबरला होता. मी सभेसमोर पुडी उघडली आणि सांगितलं की बिघाडाचं कारण धूळ नव्हे. आल्हाद दाणी ह्यांच्या ताब्यातल्या यंत्रात हळद, फूल आणि अक्षता आढळल्या, आणि सत्य दडवण्यात आलं. हे कृत्य कोणी केलं ह्याची चौकशी व्हावी. सगळं मिनिट्समध्ये जावं.
भय्यासाहेबांनी चष्मा लावून पुडीत वाकून पाहिलं.
मग मागच्या रांगेतल्या सभासद बेबीताई म्हणाल्या, "अगंबाई, पण खंडेनवमीला पूजा कोणी केली होती?"
सगळे माझ्याकडे का पाहत होते ते कळलं नाही. मी म्हटलं, पूजा मीच केली, दर वर्षी करते, आणि ती इतकी यथासांग ह्याआधी कधी झाली नव्हती. मग खोकल्याची साथ आल्यासारखे सगळे रुमालात तोंड घालून बसले. एक आल्हाद तेवढा हसला नाही. माझ्या पायाजवळ सांडलेले तांदूळ वेचत होता. पुरावा नष्ट करणं ह्याला म्हणतात.
ठराव झाले. एक, चार्ज आणि किल्ली कायम आल्हादकडे. दोन, यापुढे यंत्रांची पूजा झाकण लावून आणि हातभर अंतरावरून करावी.

सोमवार, २७ ऑक्टोबर.
मंडळाला लेखी निषेध. चार पानं, अकरा मुद्दे. मुद्दा पहिला, तीन ऑगस्टला स्विच कोणी बंद केला. मुद्दा अकरावा, किल्ली. पत्र हाताने लिहिलं. घरातला कम्प्युटर मी सरावासाठी उघडल्यापासून रत्नाकर त्याला हात लावू देत नाहीत. मागणी: शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सायंकाळी पाचच्या आत लेखी उत्तर.

बुधवार, २९ ऑक्टोबर.
भय्यासाहेब स्वतः घरी आले. माझं पत्र घेऊन. म्हणाले, "शरयूताई, पत्र एकदम फर्स्ट क्लास. उत्तर द्यायलाच पाहिजे." मी म्हटलं, वाट पाहते. तर ते म्हणाले, "पण पत्रव्यवहार तर तुमच्याकडेच आहे ना. तुम्ही लिहून ठेवा, मी सही करतो." आणि मंडळाचं लेटरहेड टेबलावर ठेवून गेले. रत्नाकर आतल्या खोलीत बराच वेळ खोकत होते.

सोमवार, ३ नोव्हेंबर.
अकरा वर्षांत मंडळाचं एकही पत्र माझ्याकडे अनुत्तरित राहिलेलं नाही. नियम म्हणजे नियम. बसून उत्तर लिहिलं: 'आपले पत्र मिळाले. त्यातील भाषा निर्दोष आहे. मुद्दे विचाराधीन आहेत. किल्लीबाबत तूर्त काही सांगता येत नाही.' किल्लीबाबत ह्याहून जास्त काही लिहिणं माझ्या अधिकारात नव्हतं. भय्यासाहेबांनी न वाचता सही केली. मी पाकिटावर माझाच पत्ता घातला आणि संध्याकाळी पोस्टात टाकून आले.

गुरुवार, ६ नोव्हेंबर. दुपारी १.
मंडळाचं उत्तर आलं. मुदतीच्या एक दिवस आधी, एवढं खरं. पण उत्तर अत्यंत मोघम, टाळाटाळीचं आणि हृदयशून्य आहे. असं लिहिणाऱ्या माणसाला पत्रव्यवहाराच्या जागेवर ठेवलं कोणी?
ताबडतोब स्मरणपत्र लिहिलं. लायब्ररीच्या टेबलाशी पाच ते सात बसू देणार की नाही, हो किंवा नाही, एवढ्या एका प्रश्नाचं लेखी उत्तर शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडलंच पाहिजे. माझ्या घड्याळातले पाच. मंडळाच्या नव्हे.