फुंकणीची जागा

माय, तुझं गाणं मोबाइलवर वाजून राहिलंय. तुझं म्हणजे रेडिओतलं, लग्नात पोरं नाचायची ते. तू आखाडा बाळापूरच्या बाजारात हाटेलापुढं उभी राहून ऐकलंस आन् घरी आणलंस. वाटंत कुठं सांडलं काय की, तुझ्या तोंडी ते भाकर थापायच्या चालीनं धिमं यायचं. मला तेच खरं वाटायचं. मी तसंच नातीला शिकवलं, तिनं गिटार घेऊन तसंच म्हटलं आन् दिलं मोबाइलवर टाकून, समद्यांना ऐकाया. पोरीचं नाक तुझ्यावर गेलंय, कुणीबी सांगंल.

आता लोकांचं काय चाललंय ते मला उमजंना. एक लिहितो, चांगल्या गाण्याची माती केली. दुसरी लिहिते, ताई, रडवलंस. हिंगोलीच्या पेपरात एका सरांनी लिहिलं, ते नातीनं वाचून दाखवलं. दुसऱ्या ओळीनंतर गायिका थांबते, म्हणे, त्या शांततेत सगळा विरह हाय.

"कसला विरह गं," मी म्हटलं, "तिथं माझी माय फुंकणी उचलायची."

पोरगी हसून हसून लोळली. मंग उठून बसली. "आजी, ती जागा काढून टाकू का? लोक म्हणतात, मोबाइल अटकला वाटतं. परवा वसमतला स्टेजवर म्हणायचंय, तिथं हसले तर?"

माझ्या डोळ्यापुढं तूच आलीस. तू बसलीयस, फुंकणी तोंडाला, डोळे लाल. आमी ताटं घेऊन पुढ्यात. धूर हाय गं, म्हणतीस. पण माय, तवर तर भाकर टम्म फुगलेली असायची. चूल पेटलेलीच व्हती. मंग फुंकायचीस काहून? बा तवा कामाला म्हणून गेलेला, तो तिकडंच राहिला. आमाला काय, भाकरीशी मतलब. त्या सरांना कसं कळलं? का कळलं काहीच न्हाई, आन् उगंच लिहिलं?

"राहू दे ती जागा," मी म्हटलं.

"काहून?"

"चूल इझंल."

पोरगी परत हसली. पण तिनं जागा ठेवली.

हा कागद आता पिठाच्या डब्याखाली सारते, पोष्टमन तुझ्याकडं थोडाच येतो. एवढंच सांगते, नातीला सांगितलं न्हाई. घरात गॅस हाय, तरी गाणं त्या जागेवर आलं की माझे गाल फुगतात. आन् मी फुंकते.