केसांखालची पट्टी

बोस्टन,
मंगळवार, ११ मार्च १८८४

प्रिय पर्सिसताई,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. तू आणि तुझी मेंढरं खुशाल असाल असं धरून चालते. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. ऑगस्टसचं कामकाज ठीक चाललंय. सासूबाईंचे गुडघे थंडीनं धरलेत, पण जीभ शाबूत आहे. माझी हेस्टर साडेचार वर्षांची झाली. तिच्या उजव्या हाताला जरासं लागलंय, डॉक्टर येऊन गेले, काळजीचं कारण नाही.

सहा वर्षांनी माझं पत्र बघून तू आधी शेवटचं पान वाचशील, ती तुझी जुनी खोड. म्हणून मागणं इथेच मांडते. शनिवारी दुपारच्या बोटीला आपल्या बेटावर, व्हिनयार्ड हेवनच्या धक्क्यावर ये. मी हेस्टरला घेऊन येतेय. सोमवारी तिला इथून दूरच्या एका शाळेत नेणार आहेत. एकदा नेलं की बारा वर्षांची होईपर्यंत ती तिथेच राहणार. आईनं वर्षातून दोनदा भेटायचं, आणि तेही हात पाठीमागे धरून.

हेस्टर बहिरी आहे, ताई. जन्मापासून. तुझ्यासारखीच.

हे तुला आज कळतंय याची लाज वाटते. बाबा गेले तेव्हाही मी आले नाही, नुसता हार पाठवला. तेव्हा हेस्टर अडीच वर्षांची होती. तिला घेऊन आले असते तर आपल्या चिलमार्क गावातल्या बायांनी उंबऱ्यातच ओळखलं असतं, आणि तासाभरात गावानं तिला हातांनी बोलायला शिकवलं असतं. मग परत इथे आणून तिचं काय करणार होते मी?

तू मला काय काय म्हणत असशील ते माहीत आहे. पण सगळं कुठून सुरू झालं ते ऐक. लग्नाआधी सासूबाईंनी मला समोर बसवून विचारलं होतं, "तुमच्या घराण्यात काही व्यंग वगैरे? लपवू नकोस हं, मागाहून कळलेलं मला खपत नाही."

मी खरंच विचार केला. म्हटलं, "ओबेडकाकांचा एक पाय आखूड आहे."

देवाशपथ सांगते, तुझं नाव डोक्यात आलंच नाही. म्हणजे तुझ्याबद्दल मी भरभरून बोलले होते. मेंढ्या पाळते, लोणी झकास काढते, भांडायला लागली की शेजारची गल्ली रिकामी होते, सगळं सांगितलं. बहिरी आहे हे सांगायचं सुचलंच नाही. तुझे डोळे करडे आहेत हे तरी कुठे सांगितलं होतं? आपल्याकडे बाजारात, चर्चमध्ये, या होडीतून त्या होडीत सगळेच हातांनी बोलतात. कोणाला ऐकू येतं नि कोणाला नाही, याचा हिशेब ठेवतो कोण? बोस्टनला येऊन तीन महिने झाले तेव्हा कळलं की सासूबाईंनी विचारलं होतं ते नेमकं हेच. इथे बहिऱ्या माणसाबद्दल घरातली माणसंसुद्धा आवाज खाली करून बोलतात. तेव्हाच जाऊन सांगितलं असतं तर चुकीवर भागलं असतं. मी घाबरले. चूक होती, तिचं माझ्या हातानं खोटं झालं.

आणि मग तू आलीस. रविवारी, चर्चच्या पायऱ्यांसमोर, हातात आंबटगोड मुरंब्याची बरणी. मला पाहिलंस आणि बरणी खाली ठेवून दोन्ही हातांनी सांगितलंस, "तुझ्या काळतोंडीला जुळी झाली." माझी काळतोंडी मेंढी. माझे हात आपोआप कमरेपर्यंत वर आले होते, ताई. ते मी थंडीत हात घालायच्या फरच्या गुंडाळीत खुपसले. सासूबाई म्हणाल्या, "कोण गं ती?" आणि मी म्हणाले, "कोणास ठाऊक. कोणी वेडी असेल."

तुला ते ऐकू आलं नाही. पण माझे ओठ तुला वाचता येतात, लहानपणापासून. बरणी तिथेच ठेवून तू निघून गेलीस. ती मी उचललीसुद्धा नाही.

सासूबाई जिना चढताहेत, पायऱ्या पावलांखाली जाणवतात. उद्या लिहिते.

बुधवार

"पावलांखाली जाणवतात" हे काल लिहून गेले, तर तेही सांगून टाकते. मलाही ऐकू येत नाही. हेस्टरच्या जन्मानंतर कमी व्हायला लागलं ते होतच गेलं.

ऑगस्टसनं लंडनहून एक यंत्र मागवलं. डोक्यावरून आडवी जाणारी पोलादी पट्टी, दोन्ही टोकांना शिंपल्याएवढे पितळी कर्णे, त्यांची तोंडं कानात बसवायची. दुकानदारानं माझ्या केसांची एक बट मागवून घेतली आणि नेमक्या त्या रंगात पट्टी रंगवून पाठवली, वर रेशमाची जाळी. रोज सकाळी अर्धा तास आरशापुढे बसून मी ती डोक्याला चढवते आणि वरून केसांची वेटोळी पिनांनी बसवते. वाऱ्यात जायचं नाही, मान पटकन वळवायची नाही. सासरे वारले तेव्हा काळ्या रंगाची दुसरी आली. सुतकातसुद्धा बहिरेपण शोभून दिसायला हवं. मुलीचं समजलं त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या होत्या, "एका घरात लपवायला एक पुरे होतं."

सुरुवातीला पट्टीचा उपयोग व्हायचा. गंमत म्हणजे माणसांपेक्षा काट्याचमच्यांचा आवाज जास्त यायचा. जेवताना शेजारी पाद्रीबाबा बसले की त्यांचं चावणं सगळं कळायचं, बोलणं काहीच नाही. मी हसून मान हलवायची. एकदा त्यांच्या बायकोच्या आजारपणावर हसले होते.

गेल्या नाताळापासून तिच्यातून काहीच येत नाही. हे कोणालाच माहीत नाही. तरी मी ती रोज चढवते. कानामागे घट्टे पडलेत. पोकळ पितळ डोक्यावर घेऊन मी लोकांच्या ओठांकडे बघत बसते.

आता हेस्टरच्या हाताचं. काल "जरासं लागलंय" लिहिलं ते खोटं आहे.

पोर आपल्या मनानं खुणा करायला लागली होती. दुधाची एक, मांजराची एक, माझी एक. मी ओळखायची आणि न ओळखल्यासारखं करायची. सासूबाईंनी आणलेले डॉक्टर म्हणाले, हात मोकळे असले तर जिभेला कामच राहणार नाही. हात बंद करा, म्हणजे वाचा फुटेल. आठवडाभर रात्रंदिवस जाड कापडाच्या पिशव्या हातांवर शिवून टाका, आणि कितीही रडली तरी उसवू नका, एकदा नमलात की संपलं. जेवण आपण भरवायचं.

"मी शिवते," म्हणाल्या सासूबाई. मीच म्हणाले, नको, मी शिवते. मला वाटलं माझ्या हातानं तिला कमी टोचेल.

ती शांत बसली होती, ताई. तिला वाटलं मी तिच्यासाठी काहीतरी छान करतेय. मनगटाशी शेवटचे टाके घालताना माझी सुई मोडली. मी दुसरी घेतली. मोडकं टोक कुठे गेलं ते पाहिलं नाही.

ते आत गेलं होतं. उजव्या तळव्यात.

तीन दिवस पोर रडली. मला तिचं रडणं दिसत होतं, तोंड उघडं, चेहरा लाल. पिशव्या घातल्यापासून ती रडतच होती, त्यामुळे मला ते सगळं सारखंच दिसलं. ज्या आईला ऐकू येतं तिला कळलं असतं. सासूबाईंना ऐकू येत होतं, पण त्यांनी डॉक्टरांचा शब्द धरून ठेवला होता. चौथ्या दिवशी आमची स्वयंपाकीण नोरा वर आली. स्वतःची चार मुलं वाढवलेली बाई. माझी बाही धरून मला खोलीत ओढत नेलं आणि माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "बाईसाहेब, हे हट्टाचं रडं नाही. हे दुखण्याचं रडं आहे. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"नाही," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

कात्रीनं पिशवी उसवली. हात कोपरापर्यंत सुजला होता, दोन बोटं काळीनिळी. मी गुडघ्यांवर बसले आणि काही विचार न करता माझे हात सुटले. चिलमार्कला आई विचारायची तसं विचारलं, "कुठे दुखतं, माझ्या राजा?" हेस्टर रडायची थांबली. माझ्या हातांकडे बघत राहिली. जन्मात कोणी तिच्याशी बोललं नव्हतं, आणि आता तिची आई बोलत होती. मग तिनं डाव्या हातानं माझी खूण जशीच्या तशी केली. कुठे दुखतं. पुन्हा केली. पुन्हा.

वळून पाहिलं तर मागे सासूबाई उभ्या होत्या. "हे कुठे शिकलीस?"

"माझ्या बहिणीकडून."

"तुला बहीण आहे ती मेंढ्या पाळते."

"हो. तीच. ती बहिरी आहे. तुम्ही तिला पाहिलंय, चर्चसमोर. ती वेडी नव्हती."

त्या कितीतरी वेळ बोलल्या. मी त्यांच्या ओठांकडे पाहिलंच नाही. तो एक फायदा असतो. पण निर्णय मागाहून ऑगस्टसकडून कळला. आईचं असलं रक्त आहे म्हटल्यावर पोर एक दिवसही जास्त इथे ठेवायची नाही, जूनऐवजी येत्या सोमवारीच शाळेत धाडायची.

ऑगस्टसला विचारलं, तुझं काय मत?

"आईला अनुभव आहे, लव्हिना."

"मुलं वाढवण्याचा?"

"मला वाढवलंय ना तिनं."

"तेच म्हणतेय मी."

तो वाईट नाही. हेस्टरच्या पलंगाशी बसून ढसाढसा रडला. रडून झाल्यावर शाळेच्या कागदावर सही केली.

सुईचं टोक निघालंय. ताप उतरला. पण मधली दोन बोटं वाकत नाहीत, आणि कदाचित वाकणारही नाहीत असं डॉक्टर म्हणाले. वर म्हणाले, तिला हातांची काय गरज, आपण तर तिला बोलायला शिकवणार आहोत. चिलमार्कच्या मुलीची बोटं गेली म्हणजे काय गेलं, हे मी त्यांना कोणत्या भाषेत सांगू? तिची जीभ मी शिवली, ताई, आणि तिच्यात सुई मोडून ठेवली. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. डॉक्टर समजतात, कपड्यातली टाचणी होती. तुझ्यापाशी ओकतेय, कारण तू तोंडावर बोलशील. दुसरं कोणी बोलणार नाही आणि मग मला वेड लागेल.

शुक्रवारी सासूबाई दोन दिवसांसाठी बहिणीकडे जाणार आहेत. शनिवारी सकाळची गाडी, मग न्यू बेडफर्डहून बोट. नोरा गाडीवर सोडणार आहे, हे पत्रही तीच टाकतेय. कायद्यानं पोर बापाची आहे, ते मागे येतील हे मला कळतं. ओबेडकाका, पाद्री, टपालवाला, सगळ्यांना सांगून ठेव. बाहेरचं कोणी विचारत आलं तर चिलमार्कची माणसं किती बहिरी होऊ शकतात ते मला माहीत आहे.

एवढं वाचून तुला वाटेल, ही आता येईल, महिनाभर रडेल, आणि नवरा गोड बोलला की पट्टी चढवून परत जाईल. मलाही तीच भीती वाटत होती. म्हणून आज सकाळी नोराची मोठी कात्री घेतली आणि केस कापले. मानेच्या वर, कानांच्या वर, मेंढी कातरतात तसे. तू तासन्‌तास विंचरायचीस ते केस. आता ती पट्टी लपवायला डोक्यावर काही उरलेलं नाही, आणि उघड्यावर ती घालून बोस्टनमध्ये फिरण्याची माझी छाती नाही. परतीची वाट बंद केली. घरात डोकं दुखतंय म्हणून टोपी घालून बसले आहे. ऑगस्टसनं विचारलंसुद्धा नाही. केसांची एक बट पाकिटात ठेवतेय, खात्री करून घे.

बोट दीपगृहाला वळसा घालेल तेव्हा मी पुढच्या कठड्याशी उभी असेन, बोडकी, हातमोजे न घालता. बाबांची दुर्बीण तुझ्याकडे आहे. तू मला आधी बघशील. मी सहा वर्षांपूर्वी केलं तेच तू केलंस, हात शालीत घेऊन तोंड फिरवलंस, तर तो तुझा हक्क आहे. मी तुला दोष देणार नाही. कुठे जायचं ते मग बघेन.

पण हेस्टरला एक खूण शिकवली आहे, काल दिवसभर. डाव्या हाताचं बोट भुवईवरून फिरवायचं, तिथे जिथे मी शिंपला फेकून मारला होता आणि तुला तो व्रण राहिला. घरात सगळे तुला अशीच हाक मारायचे. तिला सांगितलंय, समुद्रापलीकडे एक बाई उभी असेल, तिला अशी हाक मारायची. ती सकाळपासून खिडकीशी उभी राहून रस्त्यावरच्या प्रत्येक बाईला तीच हाक मारतेय. कोणी उत्तर देत नाही. ती तरी मारतेच आहे.

मला उत्तर नको देऊस. तिला दे.

तुला ओळखणारी,
तुझी बहीण
लव्हिना